थोरलीचा दाखला काढू नका

या वेळचं पत्र कुपवाडहून आलं आहे. मूळ पत्र सहा पानांचं आहे, इथे थोडक्यात देते.

"ताई, नमस्कार. मला दोन मुलं. मुलगी नऊ वर्षांची, जूनमध्ये चौथीत जाईल. मुलगा सव्वापाच वर्षांचा. तो साडेसातव्या महिन्यात झाला, लगेच रडला नाही, पंचवीस दिवस काचेच्या पेटीत होता. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हातापायांवर ताबा न राहणं) सांगितली आहे. आधाराशिवाय बसता येत नाही, दोन्ही पाय ताठ असतात, वर्षभरापासून फिटही येतात. आठवड्यातून तीनदा त्याला मिरजेला फिजिओथेरपीला नेते, घरी रोज तीन वेळा व्यायाम घेते. भरवायलाच पाऊण तास लागतो. मिस्टर एमआयडीसीत आहेत, बहुतेक दुसरी पाळी. मुलावर जीव आहे, पण त्याला उचलायची भीती वाटते म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, थोरलीला विट्याला माझ्या आईकडे ठेवावं, तिथल्याच शाळेत घालावं, म्हणजे मला मुलाकडे पूर्ण लक्ष देता येईल. आईही तयार आहे. थोरली समजूतदार आहे, कशाचा हट्ट करत नाही. हल्ली तिचं पोट दुखतं, डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. सासूबाई असंही म्हणतात की मी ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं. रात्री झोप लागत नाही. थोरलीचा शाळेचा दाखला काढू का?"

प्रिय भगिनी,

दाखला काढू नका.

हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत आणि असले निर्णय घराघरांत एखाद्या रात्री जेवताजेवता होऊन जातात. पुढचं सगळं सवडीनं, दोन-तीन वेळा मिळून वाचलंत तरी चालेल.

सासूबाईंच्या मनात थोरलीचं वाईट व्हावं असं काही नसणार. सून दिवसभर पळतेय, रात्री टक्क जागी असते, हे त्यांना दिसतंय. एक काम कमी केलं तर हिला जरा उसंत मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब. आणि कमी करायला त्यांना घरातलं सगळ्यात कमी कुरकुर करणारं माणूस सापडलं.

मी हे करून बसलेली आहे. माझा धाकटा आता तेवीस वर्षांचा आहे, त्यालाही सेरेब्रल पाल्सी आहे. तो चार वर्षांचा असताना त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हा आठ वर्षांच्या थोरल्याला आम्ही कोल्हापूरला माझ्या बहिणीकडे ठेवलं. सहा महिन्यांपुरतं म्हणून ठेवलं, त्याचं दीड वर्ष झालं. बहिणीनं पोटच्या पोरासारखं केलं. शाळा चांगली होती, मार्क वाढले. आम्हाला वाटलं, बरंच झालं की.

तो परत आला त्या आठवड्यातली एक दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी धाकट्याला भरवत होते. थोरला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. फळीवर बेसनाच्या लाडवांचा डबा होता. म्हणाला, "आई, एक लाडू घेऊ का?" आमच्या घरात तोवर कुणी कधी विचारून लाडू खाल्ला नव्हता. मी हो म्हटलं. त्यानं ताटली घेतली, लाडू तिच्यात ठेवला, भिंतीला टेकून खाल्ला, मग ताटली विसळून पालथी घातली. स्वतःच्या घरात तो पाहुण्यासारखा वागत होता. आज तो सत्तावीस वर्षांचा आहे, नोकरीला आहे, भावावर त्याचा फार जीव आहे. पण फोन केला की अजूनही त्याचं पहिलं वाक्य असतं, "आई, कामात नाहीस ना?"

म्हणून सांगते, दाखला काढू नका.

आता थोरलीच्या पोटदुखीचं. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे की पोट जास्त करून सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुखतं. पाचव्या पानावर आहे की मिरजेला तुम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार जाता. दोन पानांच्या मधे तुम्ही इतक्या थकलेल्या आहात की हे जुळलं नाही. त्यात तुमचा दोष नाही, दमलेल्या माणसाला असं दिसत नाही. पण ती ढोंग करत नाही, हे आधी मनात पक्कं करा. या वयात मनावरचा ताण पोटातच उतरतो आणि पोट खरंच दुखतं. तिला "काही झालेलं नाही, नाटकं करू नकोस" असं कुणीही म्हणू नका. वजन उतरत असेल, रात्री दुखण्यानं झोपेतून उठत असेल, उलट्या किंवा ताप असेल, तर मात्र पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

आणि तो "समजूतदार" शब्द. सहा पानांत थोरलीबद्दल मोजून चार वाक्यं आहेत, त्यांतल्या दोनांत हा शब्द आहे. नऊ वर्षांच्या मुलीनं हट्ट करायचा असतो. नवी चप्पल मागायची असते, डब्यात पोळी-भाजी नको म्हणायची असते, भांडायचं असतं. ज्या घरात एका मुलाची फिट आणि औषधं चालू असतात तिथं दुसऱ्या मुलाला फार लवकर कळतं की आपलं मागणं आईला परवडणार नाही. मग ते मागणंच बंद करतं, आणि आपण त्याचं कौतुक करतो. हे कौतुक आजपासून थांबवा. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर तर मुळीच करू नका.

विट्याला पाठवायचं बोलणं तिनं ऐकलेलं आहे, असं धरूनच चाला. भिंतीपलीकडची कुजबुज मुलांना बरोबर ऐकू येते. तेव्हा तिला जवळ बसवून सरळ सांगा: "तुला आजीकडे शाळेत घालायचं असं आम्ही बोलत होतो. ते आमचं चुकलं. तू इथंच राहणार. सुट्टीत विट्याला जायचं, शाळेला इथंच." एवढंच. ती काहीच बोलली नाही, उठून खेळायला गेली, तरी चालेल. तिच्या कानात ते गेलेलं असतं. मे महिन्यात आठ-पंधरा दिवस आजोळी जाणं वेगळं, ते सगळीच मुलं जातात. पुढे कधी धाकट्याचं ऑपरेशन निघालं आणि तिला चार दिवस कुठे ठेवावं लागलं, तर परत यायची तारीख आधी सांगा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याच हातानं गोल करून घ्या, आणि ती पाळा.

भावाला काय झालंय हेही तिला नीट कुणी सांगितलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं. "तो आजारी आहे" एवढ्यानं भागत नाही. आजारी माणूस बरा होतो, हा का होत नाही, हे तिला कळत नाही. तिला सांगा की जन्माच्या आसपास त्याच्या मेंदूला इजा झाली, म्हणून पायांना आणि तोंडाच्या स्नायूंना मेंदूचा निरोप नीट पोचत नाही. ही इजा वाढत जाणारी नाही, पण पुसून जाणारीही नाही. तो हळूहळू पुष्कळ शिकेल. हे लागट नाही, तिला होणार नाही. आणि ती त्याच्यावर रागावली म्हणून त्याला फिट येत नाही. हे शेवटचं तर दोनदा सांगा. या वयाच्या मुलांना खरोखर वाटतं की आपल्या मनात वाईट आलं म्हणून असं झालं.

ग्रहणाचं एकदाच नीट बोलून संपवून टाका. सेरेब्रल पाल्सी वाढत्या मेंदूला इजा झाल्यानं होते, कधी गर्भात, कधी बाळंतपणात, कधी जन्मानंतरच्या पहिल्या काळात. दिवस पूर्ण होण्याआधी जन्म, फार कमी वजन, प्राणवायू कमी पडणं, जंतुसंसर्ग, प्रमाणाबाहेर वाढलेली कावीळ ही तिची नेहमीची कारणं. तुमचं बाळ साडेसातव्या महिन्यात आलं आणि लगेच रडलं नाही. कारण तिथंच शोधायचं. तुम्ही भाजी चिरली की नाही, खिडकीत उभ्या राहिलात की नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मात्र हे तुम्ही सासूबाईंना सांगू नका, तुमच्या तोंडून ते भांडण होईल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांना सोबत न्या आणि त्यांच्यादेखत मिस्टरांनी हा प्रश्न विचारावा. मुलानं विचारलं आणि डॉक्टरांनी उत्तर दिलं की आईला ते पटायला सोपं जातं.

आता तुमच्या दिवसाकडे येते. कारण नुसतं "मुलीला ठेवा" म्हणून उपयोग नाही, सासूबाई ज्या ओझ्याबद्दल बोलतात ते खरंच आहे.

घरचे व्यायाम रोज पावणेतीन तास, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय एक वेळ बुडाली की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. माझंही असंच होतं. मी वहीत मिनिटं लिहायचे. धाकटा माझ्या पावलांचा आवाज आला की पाय आणखी ताठ करायचा, कारण आई आली म्हणजे आता ओढाताण, हे त्याला पाठ झालं होतं. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझी वही मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुम्ही ह्याला नुसतं मांडीवर शेवटचं कधी घेतलंत?" मला सांगता आलं नाही.

तुमच्या फिजिओथेरपिस्टकडे अर्धा तास वेगळा मागा आणि दिवसाचा सगळा क्रम त्यांच्यापुढे मांडा: किती वाजता उठतो, आंघोळ कधी, भरवणं कुठं बसून, कडेवर कसा घेता. मग विचारा, ह्यातल्या कशात काय बसवता येईल? पुष्कळ बसतं. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर स्नायू सैल असतात, पाय ताणायचे ते तेव्हा, टॉवेलवरच. कडेवर घेताना दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना घेतले की एकमेकांवर चढणारे पाय आपोआप फाकतात, तो ताण चालता-बोलता मिळतो. भरवताना तो नीट टेकून, कंबर मागे लावून बसला आणि पावलांखाली पाट असला, तर तोच बसण्याचा व्यायाम होतो. लोंबकळणाऱ्या पायांनी पोर जास्त ताठतं. त्यांनी मापं दिली तर आपल्याकडचा कुठलाही सुतार कोपऱ्याची खुर्ची, म्हणजे पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारी खुर्ची, करून देईल. स्प्लिंट (पाय सरळ ठेवणारा आधार) घालून उभं करायचं असेल तर ओट्याशेजारी करा, तुम्ही कणीक मळताना त्यालाही एक गोळा द्या. माझा धाकटा त्या गोळ्यासाठी वीस-वीस मिनिटं उभा राहायचा. भिंतीकडे तोंड करून उभं केलं की दोन मिनिटांत रडायचा.

मग वेगळा व्यायाम म्हणून दिवसातून एकदाच काय ते उरेल. एखादा दिवस तोही बुडाला म्हणून पाय आखडत नाहीत. आठवडेच्या आठवडे सोडून दिलं तर आखडतात. मिरजेच्या तीन फेऱ्यांच्या दोन करता येतील का, हेही मोकळेपणानं विचारा. एक गोष्ट मात्र सोडायची नाही: ज्या मुलांचे पाय असे ताठ असतात आणि जी चालत नाहीत, त्यांचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकू शकतो, सुरुवातीला दुखतही नाही. ठरावीक काळानं खुब्याचा एक्स-रे लागतो. शेवटचा कधी काढला होता ते आजच फाइलमध्ये बघा. आमच्याकडे तो उशिरा निघाला, म्हणून ते ऑपरेशन.

मिस्टरांना भीती वाटते, हे मी खोटं मानत नाही. पण त्यांची दुसरी पाळी आहे, म्हणजे सकाळी ते घरात असतात. सकाळची आंघोळ आणि त्यानंतरचे पाय ताणणं, हे पूर्ण त्यांचं काम करा. तुम्हाला मदत म्हणून नको. मदत करणारा माणूस टॉवेल कुठाय, पाणी किती गरम, हे दर पाच मिनिटांनी विचारतो, आणि तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडून सांगता. आधी एकदा त्यांना मिरजेला न्या, फिजिओथेरपिस्टना त्यांच्या हातानं करून घ्यायला सांगा. त्यानंतर पहिले आठ दिवस ते चुकतील, वेळ लागेल, पोरगं रडेल. त्या वेळात तुम्ही घरात थांबू नका. भाजी आणायला जा, गच्चीवर जा. दारात उभं राहून "असं नाही, तसं" म्हणालात तर तिसऱ्या दिवशी ते काम परत तुमच्याकडे येईल. आमच्या घरात ते माझ्याच हट्टामुळे परत आलं होतं, आणि माझ्या नवऱ्यानं मुलाला एकट्यानं आंघोळ घातली ती तो सात वर्षांचा झाल्यावर. तीन वर्षं बापलेकांची वाया गेली.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, उचलाउचल त्यांना जमणार नाही. भरवणं जमेल. त्यांच्या पिढीला बाळ मांडीवर आडवं घेऊन बोंडल्यानं पाजायची सवय, ते इथं अजिबात नको, अन्न श्वासनलिकेत जातं. बसवून, मान किंचित पुढे, छोटा चमचा, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. नाचणीचं सत्त्व, मऊ मुगाची खिचडी, असं दाटसर त्या छान करतील. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल, भरवताना छातीत घरघर वाजत असेल, किंवा सारखा न्यूमोनिया होत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्याची वेगळी तपासणी असते. पाऊण तासातलं रोजचं एक जेवण त्यांच्याकडे गेलं, तर तो वेळ तुमचा. त्या वेळात झोपा. कपड्यांच्या घड्या राहू देत.

फिटची माहिती घरातल्या प्रत्येकाला हवी, थोरलीलाही. चप्पल, कांदा हुंगवायचा नाही. दातखीळ उघडायला तोंडात चमचा, बोट, काहीही घालायचं नाही. पाणी पाजायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं सैल करायचं, आजूबाजूचं टणक सामान सरकवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या आत थांबली नाही, किंवा एकामागून एक येत राहिली आणि मधे शुद्ध आली नाही, तर दवाखान्यात हलवायचं, गाडी नसेल तर 108 ला फोन. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवावा का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी लिहून दिला तर किती मारायचा आणि कधी, हे कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावा. आणि फिट थांबल्यात म्हणून औषध आपल्या मनानं बंद करू नका, एकदम बंद केल्यानं मोठी फिट येऊ शकते.

थोरलीला यातलं एकच काम द्या: घड्याळ बघून वेळ सांगणं. तेही ती जवळ असली आणि तिला करावंसं वाटलं तर. माहिती असली की तिची भीती कमी होईल. पण "मी येते तोवर ह्याच्याजवळ बस" असं म्हणून तिला राखणीला बसवू नका. ती बसेल, नाही म्हणणार नाही. म्हणूनच नको.

तिच्यासाठी काय करायचं? आठवड्यातून दोन तास. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारचे दोन तास फक्त तिचे आणि तुमचे, धाकटा सासूबाई किंवा मिस्टरांजवळ. सांगलीला आमराईत जा, गणपतीच्या देवळात जाऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसा, भडंगाचा पुडा घ्या, किंवा कुठंच न जाता गच्चीवर पत्ते खेळा. कुठं जायचं ते तिनं ठरवायचं. या दोन तासांत अभ्यास नाही, उपदेश नाही, आणि भावाचा विषय तिनं काढला तरच. पहिले दोन-तीन शनिवार ती गप्प राहील. चौथ्या-पाचव्या शनिवारी कदाचित म्हणेल, "मला नको होता भाऊ." तेव्हा "असं बोलू नये, तो देवाघरचं फूल आहे" असलं काही म्हणू नका. "हो गं, कधीकधी फार अवघड जातं ना," एवढं म्हणा आणि थांबा. माझ्या थोरल्यानं हे वाक्य मला एकविसाव्या वर्षी ऐकवलं. तोपर्यंत ते त्याच्या पोटात होतं.

हे दोन तास रद्द करायचे नाहीत. मिरजेची वेळ शनिवारी मिळत असेल तर दुसरी मागा. पाहुणे आले तर पाहुण्यांना चहा करून द्यायला घरात माणसं आहेत. फिट आली, ताप चढला, तर मात्र जाता येणार नाही, तेव्हा रविवारी जायचं आणि तसं त्याच क्षणी सांगायचं.

आणखी एक वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका: "आमच्यानंतर ह्याचं तूच करायचं आहेस." नातेवाईक हे सहज बोलतात, कौतुकानं बोलतात. नऊ वर्षांच्या मुलीच्या मानेवर ते जू ठेवल्यासारखं आहे. त्याच्या पुढच्या आयुष्याची तजवीज हे तुम्हा दोघांचं काम. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अशी व्यक्ती अठरा वर्षांची झाल्यावर तिला गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमून देते. त्याला अजून पुष्कळ वेळ आहे. तेव्हा मोठी झालेली थोरली आपण होऊन पुढे आली तर आनंदच आहे. आज तिला विचारायचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण पत्रात तुम्ही एका ओळीत "प्रमाणपत्र काढलेलं नाही" असं लिहिलंय. ते काढा. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा आणि तपासणीला सांगलीच्या सिव्हिलमधून बोलावतील त्या दिवशी जायचं. जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, मेंदूचा एमआरआय, फिटच्या औषधाच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. हे हातात आलं की एसटीत त्याला सवलत मिळते, टक्केवारीनुसार सोबतच्या माणसालाही मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, त्यात ओपीडी, औषधं आणि फिजिओथेरपीही येते, प्रत्येकाची वेगळी मर्यादा असते. पैसे आधी खिशातून जातात, मग बिलं लावायची, म्हणून प्रत्येक पावती जपा. एक जुनी पिशवी त्यासाठीच खुंटीला अडकवून ठेवा. हे सगळं काम मिस्टरांना द्या, त्यात उचलायची भीती नाही.

आणि शाळा फक्त थोरलीची नाही. धाकटा पुढच्या वर्षी सहाचा होतोय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जे तुम्ही निवडाल तिथं. तोवर अंगणवाडीत त्याचं नाव आहे का ते बघा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी त्याला न्या. रोज तासभर जरी तो चार मुलांत बसला तरी त्याला हवंच आहे ते. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा चेहरा त्यानं दिवसभरात पाहिलेला नसतो, असं तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या झोपेचं: मिस्टर रात्री उशिरा येतात, आल्यावर तासभर जागेच असतात. तो तास धाकट्याच्या अंथरुणाशेजारी त्यांनी बसायचं, तुम्ही थोरलीच्या खोलीत झोपायचं. आठवड्यातून दोन रात्री एवढं झालं तरी फरक पडेल. तीन-चार आठवड्यांनीही झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. त्यावर औषध असतं आणि ते घेण्यात कमीपणा नाही. मी वर्षभर घेतलं आहे.

पहिला शनिवार कसा गेला ते मला कळवा.

तुमची,
ताई

ता. क. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून हे वेगळं लिहिते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा आम्ही तिथल्याच नदीकाठच्या गावभागात राहत होतो. पाणी जिन्यापर्यंत आलं आणि धाकट्याच्या फिटच्या औषधाच्या चारच गोळ्या शिल्लक होत्या. औषधांची दुकानं पाण्यात, कोल्हापूरकडचा रस्ता बंद. त्या चार गोळ्यांकडे बघत काढलेली रात्र मी विसरणार नाही. कुपवाड उंचावर आहे, तुमच्याकडे पाणी येणार नाही, पण औषधांची गाडी येणं थांबू शकतं. जून ते सप्टेंबर महिन्याभराचं औषध जास्तीचं घरात ठेवा. चिठ्ठीचा फोटो तुमच्या, मिस्टरांच्या आणि विट्याच्या आजीच्या मोबाइलमध्ये असू द्या.